खेळातला डोक्याचा मार आणि त्याची मोजणी

खेळताना डोक्याला मार बसलेले मूल पुन्हा मैदानात केव्हा उतरेल, हे ठरवण्यात आज न्यूरोसायकॉलॉजिस्टचा मोठा वाटा असतो. कन्कशनमध्ये मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होते, पण सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो. बिघाड दिसतो तो लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांत. तो मोजण्याची विद्या टप्प्याटप्प्याने घडली आणि तिच्यात मुलांचा विचार सर्वांत उशिरा झाला.

१९२८ मध्ये न्यू जर्सीतील पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन ‘पंच ड्रंक’ या नावाने केले. तो वर्षानुवर्षे खाल्लेल्या ठोशांचा परिणाम होता. एखादाच किरकोळ वाटणारा मार काय करतो, हे ऑकलंडमध्ये डोरोथी ग्रोनवॉल आणि फिलिप रायटसन यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यांच्या चाचणीत ध्वनिफितीवरून अंक ऐकू येत आणि प्रत्येक अंक त्याच्या आधीच्या अंकात मिळवायचा असे. तीन, पाच, दोन, सात ऐकले की उत्तरे आठ, सात, नऊ. बेरीज सोपीच, पण उत्तर देता देता पुढचा अंक येऊन ठेपतो. मार बसलेली माणसे इथे मागे पडत आणि बरी होत गेली की त्यांचे गुण वाढत.

ही पद्धत खेळात आणली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफ्री बार्थ यांनी. १९८०च्या दशकात त्यांनी दहा विद्यापीठांतील दोन हजारांहून अधिक अमेरिकन फुटबॉलपटूंची हंगामाआधीच चाचणी घेतली. मार बसलेल्यांची २४ तासांनी, पाचव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकांचे गुण त्या मुदतीत पूर्ववत झाले. खेळाडूची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी करायची, हे तत्त्व इथून रुजले.

पुढे अमेरिकन फुटबॉलच्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघात प्रशिक्षक चक नोल यांनी न्यूरोसर्जन जोसेफ मरून यांच्याकडे खेळाडूला बाहेर बसवण्यासाठी ठोस पुरावा मागितला. मरून यांनी मानसशास्त्रज्ञ मार्क लव्हेल यांच्यासोबत संघासाठी चाचण्या बसवल्या. त्यांतूनच पुढे संगणकावरची चाचणी आली आणि ती शाळांपर्यंत पोहोचली.

मुलांबाबत मात्र मोठ्यांचे मापदंड अपुरे पडतात. वाढत्या वयात गुण आपोआप सुधारतात, म्हणून जुनी नोंद लवकर निरुपयोगी ठरते. अध्ययन अक्षमता किंवा लक्ष न टिकण्याची अडचण आधीपासून असेल, तर तीही हिशेबात घ्यावी लागते. शिवाय लहान मुलाला स्वतःची लक्षणे नीट सांगता येत नाहीत. खेळातील कन्कशनवरच्या २०१२च्या झुरिक परिषदेनंतर पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मैदानावरची वेगळी तपासणी तयार झाली. तिच्यात मोठ्यांप्रमाणे महिने उलटे म्हणायला न लावता आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात आणि पालकांचीही नोंद घेतात.

कायद्याला चालना मिळाली ती एका दुर्घटनेने. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा झॅकरी लिस्टेड मार बसल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि मेंदूच्या गंभीर दुखापतीने त्याला कायमचे अपंगत्व आले. २००९च्या लिस्टेड कायद्याने संशयित कन्कशन झालेल्या अल्पवयीन खेळाडूला तत्काळ बाहेर काढणे आणि आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत न घेणे बंधनकारक केले. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. क्रिकेटमध्ये २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडूला पूर्ण खेळायची मुभा मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल याच नियमाने उतरला.

उपचारांची दिशाही बदलली. अंधाऱ्या खोलीतील दीर्घ विश्रांतीचा सल्ला मागे पडला. २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेने पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग हलकी हालचाल सुचवली. मुलांच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी शाळा, मग सामना. सुरुवातीला गृहपाठ कमी, परीक्षेला जादा वेळ, अधूनमधून विसावा अशा सवलती शिक्षकांशी बोलून ठरवल्या जातात आणि वर्गातला पूर्ण दिवस झेपू लागल्यावरच मूल टप्प्याटप्प्याने खेळाकडे वळते.