खैबरला दिसलेलं विमान

आमच्या नगरला सरावाचा आवाज नवा नाही. के. के. रेंजवर रणगाड्यांचा गोळीबार सुरू झाला की लांबवर धडधड ऐकू येते. लहानपणी वाटायचं, समोर शत्रू नसताना एवढा दारूगोळा कशाला उडवायचा? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही समुद्रावरच्या लढाईत.

१९७१ चं युद्ध शिकवताना ४ डिसेंबरची रात्र मी रंगवून सांगायचो. निपात, निर्घात आणि वीर या आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौका थेट कराचीवर चालून गेल्या! मुलं टाळ्या वाजवायची. त्या रात्रीची दुसरी बाजू मात्र निवृत्तीनंतर वाचली.

निर्घातचं क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेकडे झेपावलं. अंधारातून येणारा तो प्रखर उजेड खलाशांना विमानाचा वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. क्षेपणास्त्र आदळल्यावरही 'शत्रूच्या विमानाने हल्ला केला' असाच संदेश त्यांनी पाठवला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर खैबर बुडाली.

ही माणसं भित्री नव्हती, तोफा सोडून पळाली नव्हती. पण समोर काय येतंय हेच त्यांना ओळखता आलं नाही. खरं तर इजिप्तने १९६७ सालीच अशा क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' बुडवली होती. पण बातमी वाचणं वेगळं आणि हाताला सवय होणं वेगळं.

पाण्याला लगटून येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला उशिरा दिसतं. मग हातात उरतो जेमतेम एक-दीड मिनिट. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि डागायचं. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांच्या 'शेफील्ड'वर हे वेळेत झालं नाही. २० जण गेले. आधुनिक जहाज होतं, तरीही.

म्हणून आपलं नौदल सराव करत राहतं. १५ मे २०१९ रोजी मुंबईत बांधलेल्या 'कोची' आणि 'चेन्नई' या विनाशिकांनी पश्चिम किनाऱ्यालगत एकत्र चाचणी केली. दोघींची क्षेपणास्त्रं एकाच जहाजावरून चालवून हवेतली वेगवेगळी लक्ष्यं टिपली. एप्रिल २०२५ मध्ये 'सूरत'ने पाण्यालगत येणारं लक्ष्य पाडलं.

अशा बातम्यांना टाळ्या पडत नाहीत. आज वर्गात असतो तर कराचीनंतर खैबरचीही गोष्ट सांगितली असती. असो. रेंजवरची धडधड आता मला वायफळ वाटत नाही.