काश्मीरांतील अमरेश्वर : एक कीं दोन ?

काश्मीरांत पहलगामच्या ईशान्येस, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,८८८ मीटर उंचीवर अमरनाथाची गुहा आहे. ती कोरीव नसून निसर्गसिद्ध आहे. आंत झिरपणारें पाणी थिजून बर्फाचा जो स्तंभ उभा राहतो, तेंच येथील स्वयंभू लिंग. श्रावणी पौर्णिमा ही त्याच्या दर्शनाची मुख्य तिथि. या स्थानाच्या प्राचीनत्वाविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें प्रचलित आहेत. एक असें कीं, गुहा इ. स. १८५० च्या सुमारास बुटा मलिक नांवाच्या मेंढपाळास प्रथम सांपडली. दुसरें असें कीं, अकराव्या शतकांत राणी सूर्यमती हिनें या देवस्थानास मठ व दानें दिलीं. आमच्या मतें हीं दोन्ही मतें पुराव्यास टिकत नाहींत. गुहेचें प्राचीनत्व सिद्ध होतें खरें, परंतु तें निराळ्या आधारावर.

पहिल्या मताचें निरसन सोपें आहे. जी. टी. व्हाइन या इंग्रज प्रवाशाचा काश्मीरविषयक ग्रंथ इ. स. १८४२ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांत या यात्रेचा उल्लेख आहे. तेव्हां १८५० च्या शोधाची गोष्ट उरत नाहीं. तथापि ती सर्वस्वी टाकाऊहि नव्हे. बटकोट येथील मलिक घराण्यास देवस्थानच्या उत्पन्नांत वांटा मिळत असे, इ. स. २००० च्या कायद्यानें कारभार नव्या मंडळाकडे गेल्यावर तो बंद झाला. घराण्याच्या हक्काची उपपत्ति सांगणाऱ्या अशा कथा आपल्याकडील वतनी कागदांतहि आढळतात. त्यांवरून हक्काचें मूळ शोधावें, देवाचें नव्हे.

दुसरें मत अधिक फसवें आहे, कारण त्यास राजतरंगिणीचा आधार दिसतो. राजा अनंत याची राणी सूर्यमती हिनें पतीच्या नांवें अमरेश्वर येथें मठ स्थापिल्याचें व त्रिशूळ, बाणलिंगें इत्यादिकांची प्रतिष्ठा केल्याचें कल्हण सातव्या तरंगांत सांगतो. पण हा अमरेश्वर कोणता ? श्रीनगराच्या उत्तरेकडील युद्धप्रसंगांतहि कल्हण हेंच नांव घेतो. राजतरंगिणीचा मूळ संस्कृत पाठ इ. स. १८९२ मध्यें मुंबईस छापून, १९०० सालीं तिचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे डॉ. स्टाइन यांनीं तें स्थळ श्रीनगराहून सिंध खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील अंबुरहेर गांव होय असें ठरविलें. तें आम्हांस मान्य आहे. वर्षांतून थोडे आठवडेच जेथें मनुष्य पोंचूं शकतो तेथें मठ चालत नाहीं. मठाचें उत्पन्न दूरच्या गांवांतून येऊं शकेल. मठवासी मात्र जागेवरच राहिले पाहिजेत.

मग कल्हणास गुहा ठाऊक नव्हती काय ? होती, परंतु तिचा उल्लेख भलत्याच प्रसंगीं येतो. पहिल्या तरंगांत सुश्रवा नागाची कथा आहे. त्यानें क्रोधानें नरपुर जाळिलें, पुढें पश्चात्ताप पावून तें स्थान सोडिलें व दूरच्या पर्वतावर क्षीरसागरासारखें शुभ्र सरोवर निर्माण केलें. अमरेश्वराच्या यात्रेस जाणारे लोक तें अद्यापि पाहतात, असें कल्हण जातां जातां म्हणतो. तेथेंच नागाच्या जांवयाचें सरोवर असल्याचेंहि सांगतो. आतां पहलगामहून गुहेकडे जातांना शेषनाग सरोवर लागतें. माहात्म्यांत त्यास सुश्रमनाग म्हटलें आहे, व त्याजवळच्या लहान सरोवरास झामतुर नाग, म्हणजे जांवयाचा नाग, असें नांव आहे. सासरा व जांवई या दोघांचीं सरोवरें एकाच वाटेवर सांपडत असतां शंकेस जागा उरत नाहीं. राजतरंगिणीची रचना इ. स. ११४८ ते ११५० या काळांतील. अर्थात् बाराव्या शतकांत ही यात्रा चालू होती. हा ओझरता उल्लेख आम्हांस मोलाचा वाटतो, कारण येथें कल्हणास यात्रेविषयीं कांहींच सिद्ध करावयाचें नव्हतें.

पुढील दुवेहि मिळतात. पंधराव्या शतकांतील सुलतान झैन-उल-आबिदीन यानें अमरेश्वरास भेट दिल्याचें जोनराज लिहितो. अकबराच्या काळीं अबुल फझल ऐन-इ-अकबरींत बर्फाच्या लिंगाचें वर्णन करितो : शुक्लपक्षांत तें दिवसेंदिवस वाढून दोन गजांहून कांहींसें उंच होतें, व कृष्णपक्षांत घटतें. लिंगाची वाढघट वस्तुतः पाणी व उष्णता यांवर अवलंबून असते. इ. स. २०२४ मध्यें यात्रा २९ जून रोजीं सुरू झाली व थोड्याच दिवसांत लिंग वितळलें. श्रावणी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. म्हणून अबुल फझलाचें वाक्य प्रत्यक्ष निरीक्षणाचा नव्हे, तर तत्कालीन श्रद्धेचा पुरावा म्हणून घ्यावें. आणि त्या दृष्टीनें तें निःसंशय ग्राह्य आहे.

हस्तलिखितसंग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. नर्मदातीरीं ओंकारेश्वरासमोरील ममलेश्वर हाहि अमरेश्वर नांवानें ओळखला जातो. यास्तव अमरेश्वराचें माहात्म्य म्हणून एखादी पोथी हातीं आल्यास केवळ शीर्षकावरून ती सूचींत दाखल करूं नये. आंतील नद्या, सरोवरें व मुक्काम पाहावे. सुश्रमनाग असेल तर ती काश्मीरची. रेवा असेल तर नर्मदेची. पोथी त्रुटित असल्यास मार्गवर्णनाचीं पानें प्रथम उतरून घ्यावीं, कारण स्थळनिर्णय त्यांवरच होतो.