मेन कूनचे हृदय आणि आपले

१८९५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक मोठे मांजर-प्रदर्शन भरले होते. त्यात पहिला मान मिळाला तो ‘कोझी’ नावाच्या तपकिरी पट्टेदार मांजरीला. बक्षीस होते चांदीचा गळपट्टा. आज ‘मेन कून’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबकेशी जातीच्या इतिहासात कोझीचे नाव मानाने घेतले जाते.

त्यानंतर ११० वर्षांनी, २००५ मध्ये, याच जातीच्या मांजरांमध्ये हृदयाला दुबळे करणारा एक जनुकीय बदल सापडला. आणखी चार वर्षांनी, २००९ मध्ये, हैदराबादच्या सीसीएमबीतील (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) शास्त्रज्ञांनी त्याच जनुकातील एका बदलाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. मात्र तो बदल मांजरांतला नव्हता, भारतीय माणसांतला होता. आपल्या शहरांतही आता मेन कूनची पिल्ले मोठ्या किमतीला विकली जात असताना या तीन तारखांमधला धागा समजून घेणे अगत्याचे आहे.

दंतकथा आणि जनुके

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन या राज्यावरून या जातीचे नाव पडले. ‘कून’ हा शब्द रॅकूनवरून आला. जाड, झुपकेदार, पट्टेरी शेपटी पाहून लोकांनी मांजर आणि रॅकून यांच्या संकराची कल्पना केली. जीवशास्त्रदृष्ट्या असा संकर अशक्य आहे. दुसरी दंतकथा अधिक रसाळ. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला पळवून आणण्याची तयारी सॅम्युएल क्लफ नावाच्या कप्तानाने केली होती. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, पण तिची लाडकी मांजरे जहाजातून मेनला पोहोचली, अशी ती कथा.

जनुकीय अभ्यासाने सांगितलेली कथा यापेक्षा साधी आहे. २००८ मध्ये जगभरच्या मांजरांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मेन कूनचे नाते पश्चिम युरोपातील सामान्य मांजरांशी जुळते. म्हणजे युरोपीय जहाजांवर उंदीर मारण्यासाठी असलेली मांजरे किनाऱ्यावर उतरली, शेतघरांच्या कोठारांत राहिली आणि तिथल्या बर्फाळ हिवाळ्यात ज्यांचे केस दाट, पंजे रुंद आणि शरीर थोराड, ती अधिक तगली. गंमत अशी की त्याच अभ्यासात ‘पर्शियन’ मांजरही इराणच्या आसपासच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांनाच जवळचे ठरले. १६२०च्या सुमारास पिएत्रो देला वाल्ले या इटालियन प्रवाशाने खोरासानातील करड्या, रेशमी केसांच्या मांजरांचे कौतुक लिहून ठेवले होते. (हाच प्रवासी पुढे सुरत आणि गोव्यालाही आला.) नाव पूर्वेचे टिकले, रक्त मात्र पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेचे होत गेले.

लांब केसांचे मूळही २००७ मध्ये उलगडले. एफजीएफ-५ नावाचे जनुक केसाच्या मुळाला ‘आता वाढ थांबव’ असा निरोप देते. हे जनुक बिघडले की निरोप पोहोचत नाही आणि केस अधिक काळ वाढत राहतो. हा गुण अप्रभावी आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू लांबकेशी होते. ज्याला आपण राजस रूप म्हणतो, ते एका निरोपाचे न पोहोचणे आहे.

मोजक्या पूर्वजांची किंमत

कोझीच्या विजयानंतर अमेरिकेत परदेशी लांबकेशी जातींची, विशेषतः पर्शियनची, चलती झाली आणि मेन कून मागे पडले. विसाव्या शतकाच्या मध्याला तर ही जात नामशेष झाल्याची हाकाटी उठली. ती खोटी होती. मेनमधील मांजरप्रेमींनी नोंदी ठेवल्या, स्वतंत्र प्रदर्शने भरवली, १९६८ मध्ये जातीसाठी संघटना उभी केली. १९७६ मध्ये अमेरिकेतील प्रमुख मांजर-संस्थेने तिला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला आणि १९८५ मध्ये मेन राज्याने तिला आपले अधिकृत मांजर घोषित केले.

पण पुनरुज्जीवनाची एक किंमत असते. थोड्या मांजरांपासून मोठा वंश वाढवला की त्या थोड्यांच्या जनुकांतील गुण आणि दोष दोन्ही सर्वत्र पसरतात. प्रदर्शनात परीक्षकाला केस दिसतात, कानांवरचे झुपके दिसतात, शेपटी दिसते. हृदयाची भिंत दिसत नाही.

१९९९ मध्ये मार्क किटलसन आणि सहकाऱ्यांनी मेन कूनच्या एका कुळात हृदयाचा आनुवंशिक आजार दाखवून दिला: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होत जाते. तिला नीट सैल होता येत नाही, तिच्यात पुरेसे रक्त भरत नाही, वरच्या कप्प्यात रक्त साकळते. कधी गुठळी सुटून मागचे पाय अचानक लुळे पडतात, तर कधी वरवर निरोगी मांजर एकाएकी मरते. २००५ मध्ये कॅथरिन म्यूर्स यांच्या गटाने त्याचे कारण शोधले. एमवायबीपीसी-३ या जनुकात एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे हृद्स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणाऱ्या प्रथिनातील ३१व्या स्थानी ॲलॅनीनच्या जागी प्रोलीन आले होते. पुढील तपासण्यांत जगातील सुमारे एकतृतीयांश मेन कूनांत हा बदल आढळला.

हैदराबादचा धागा

माणसातही एमवायबीपीसी-३ हेच जनुक हेच काम करते. २००९ च्या शोधनिबंधात सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज, पेरुंदुराई धंडपाणी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या जनुकातील २५ अक्षरे गळाल्याचा बदल दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आहे. म्हणजे दर पंचविसांत एक. आजाराची लक्षणे बहुधा उतारवयाकडे दिसू लागतात, तोवर संतती झालेली असते. म्हणून असा बदल पिढ्यांमागून पिढ्या टिकून राहू शकतो. नंतरच्या संशोधनाने यात महत्त्वाची भर घातली: हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, आणि धोक्याचा मोठा भाग याच्यासोबत काही लोकांत वारशाने येणाऱ्या दुसऱ्या एका बदलाशी निगडित असावा.

हे वाचून कोणी घाबरू नये. मुद्दा वेगळा आहे. मेनच्या कोठारातील मांजर आणि आपण, दोघांच्याही छातीत एकाच जनुकाचे प्रथिन काम करते आणि त्यातील चूक वरून दिसत नाही. फरक इतकाच की मांजराचा जोडीदार माणूस निवडतो. त्यामुळे ती चूक पुढे जाऊ द्यायची की नाही, याची जबाबदारीही माणसाचीच.

निवड करताना

पिल्लू घेण्यापूर्वी विकणाऱ्याला विचारा: आई-वडिलांची एमवायबीपीसी-३ ची डीएनए चाचणी झाली आहे का? त्यांच्या हृदयाची इको तपासणी शेवटची कधी झाली? दोन्ही कागद पाहा. डीएनए चाचणी निर्दोष आली तरी इको अनावश्यक ठरत नाही, कारण हा आजार इतर कारणांनीही होतो. ज्या मांजरात बिघडलेल्या दोन्ही प्रती आहेत, त्याला धोका सर्वाधिक. कागद नसतील आणि उत्तरादाखल फक्त शेपटीची लांबी ऐकवली जात असेल, तर नमस्कार करून परत फिरा.

पिल्लू किमान बारा आठवडे आईजवळ राहिलेले असावे. बोका सहा ते आठ किलोंचा, कधी त्याहून मोठा होतो. वाढ तीन ते पाच वर्षे चालते. त्यामुळे खर्च, जागा आणि काळ यांचा हिशेब पिल्लाच्या वजनावर करू नये.

सांभाळताना

इथे थोडे पदार्थविज्ञान. केस स्वतः ऊब देत नाहीत. ते हवा अडवून धरतात. स्थिर हवेची उष्णतावाहकता तांब्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी कमी आहे. मेनच्या हिवाळ्यात हे वरदान होते. पण मांजराचे शरीर ३८ ते ३९ अंश सेल्सिअसला असते. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच त्याहून तापते, तेव्हा उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते. उरतो फक्त बाष्पीभवनाचा मार्ग. मांजराला घाम जवळजवळ केवळ पंजांच्या गाद्यांना येतो, म्हणून ते अंग चाटून लाळेने गारवा मिळवते. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत तोही मार्ग मंदावतो. गार खोली, वाहती हवा आणि जागोजागी ठेवलेले पाणी ही चैन नाही, गरज आहे. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

आठवड्यातून दोन-तीनदा धातूच्या फणीने विंचरावे. काखा, पोट आणि मांड्यांमागचा भाग विशेषतः. जटा झाल्या की त्वचेला हवा लागत नाही, ओल साचते, जखमा होतात. उन्हाळा म्हणून सरसकट केस भादरू नयेत. तेच केस उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतात.

आणि एक सवय लावून घ्या. मांजर गाढ झोपले असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजा. ते वारंवार तिसाच्या वर जात असतील तर हृदय तपासून घ्या. या मोजणीला घड्याळ पुरते, दुसरे कोणतेही उपकरण लागत नाही.

कोझीच्या परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापाशी पाहण्याजोगे होते ते त्यांनी पाहिले. आपल्यापाशी आज इको आहे, डीएनए चाचणी आहे आणि आपल्याच देशातील प्रयोगशाळेने दिलेले ज्ञानही आहे. एवढे असून आपण केवळ केस पाहून निवड केली, तर तो दोष मात्र आपला.