घड्याळ आणि ताप : ओव्हरक्लॉकिंगची कुळकथा

ओव्हरक्लॉकिंगचं मूळ शोधत गेलं की ते पत्र्याच्या एका छोट्या डबीत सापडतं. डबीत क्वार्ट्झचा पातळ काप असतो. वीज दिली की तो ठरलेल्या गतीनं थरथरतो आणि प्रोसेसरची प्रत्येक हालचाल त्या थरथरीला बांधलेली असते. 1984 मध्ये आयबीएमचा ‘पीसी एटी’ आला, तेव्हा त्यातला इंटेलचा 80286 प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झवर चालायचा. बोर्डावरचा स्फटिक 12 मेगाहर्ट्झचा होता आणि त्याची गती निम्मी करून प्रोसेसरला मिळत होती. हा स्फटिक सॉकेटमध्ये नुसता खोचलेला होता, सोल्डर केलेला नव्हता. हौशी मंडळींनी तो उपसून तिथे 16 चा बसवला. यंत्र 8 वर पळू लागलं आणि पुष्कळांच्या घरी विनातक्रार पळत राहिलं. आयबीएमला ते रुचलं नाही. पुढच्या बायोसमध्ये यंत्र सुरू होतानाच गती तपासायची आणि ती जास्त निघाली तर पुढे जाऊ द्यायचं नाही, अशी व्यवस्था झाली. ही विद्या पाळण्यात असतानाच तिच्यावर पहिली बंदी आली.

मुळात वाव राहतोच कसा? सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. कुणी कमी व्होल्टवर निमूट काम करते, कुणी अडखळते. कंपनीला मात्र सगळ्यांवर एकच आकडा छापायचा असतो. म्हणून तो सर्वांत कमकुवत चिपेला आणि सर्वांत तापलेल्या खोलीला झेपेल असा धरावा लागतो. बाकीच्यांच्या अंगात जे शिल्लक उरतं, त्यावर ओव्हरक्लॉकिंग जगतं.

1998 च्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए चिपेत ही शिल्लक पोत्यानं निघाली. या चिपेचा गुणक साडेचारवर पक्का केलेला होता, पण बोर्डाची मूळ गती 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की 300 ची चिप सरळ 450 वर जायची आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंक्तीला बसायची. ज्या बोर्डात ही सोय नव्हती, तिथे लोक प्रोसेसरच्या बी21 या टोकावर चिकटपट्टीचा बारीक कपटा लावून काम भागवत. दोन वर्षांनी एएमडीच्या चिपांवरचे तोडलेले सूक्ष्म पूल शिसपेन्सिलीच्या रेघेनं जोडले जाऊ लागले, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. पुण्यात त्या काळी पुष्कळ घरांत जुळवणी केलेले संगणक होते. वरचा पंखा कमी पडला की दुसरा आणायला तपकीर गल्ली होतीच.

ग्राफिक्स कार्डाकडे ही विद्या वळली ती याच सुमाराला. 1999 च्या जीफोर्स 256 पासून ‘जीपीयू’ हा शब्द रुळला. रिवाट्यूनरसारख्या प्रणालींनी चिकटपट्टी आणि पेन्सिल बाजूला सारली, आता पडद्यावरचा दांडा सरकवला की झालं. आज जो तो एमएसआय आफ्टरबर्नर वापरतो, त्याचं मूळ रिवाट्यूनरच. 2003 मध्ये एनव्हिडियानं स्वतःच 500 मेगाहर्ट्झचं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा काढलं. त्याचा पंखा इतका ओरडायचा की कार्डाच्या वेगापेक्षा आवाजाचीच चर्चा जास्त झाली.

इथून पुढे गोष्ट घड्याळाची राहत नाही, तापाची होते. चिपेची उष्णता गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. 1974 मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं तो हिशोब चालला. 2005 च्या आसपास व्होल्टेज खाली यायचं थांबलं आणि फुकटचा वेग संपला.

उष्णता वाहून नेण्याच्या विद्येचं कूळ वेगळंच आहे. 1963 मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी जी ‘हीट पाइप’ घडवली, ती अंतराळयानांसाठी. चपटी करून तीच आज लॅपटॉपच्या पोटात बसते. तांब्याची बंद नळी, आतून भुसभुशीत तांब्याचं अस्तर, थोडंसं पाणी, आणि हवा काढून घेतलेली. दाब नसल्यामुळे ते पाणी चिपेजवळ अगदी कमी तापमानाला उकळतं. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथल्या पातळ पंखड्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत मागे येते. ही नळी नसती तर गेमिंग लॅपटॉप झालाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉपमध्ये ही दोन्ही कुळं एकत्र आली आणि भांडणही तिथेच पेटलं. 2015 च्या फेब्रुवारीत एनव्हिडियानं नव्या ड्रायव्हरमधून लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपांचं ओव्हरक्लॉकिंग बंद केलं. लॅपटॉप त्यासाठी बनवलेले नसतात, असं कारण दिलं. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची सोय रातोरात काढून घेतल्यावर लोक खवळले आणि कंपनीला ती परत द्यावी लागली. ते योग्यच झालं. पण कंपनीचं कारण अगदीच खोटं होतं असंही नाही, आणि ते समजायला पुणे जिल्ह्यातल्या पौडसारखी जागा नाही.

पौडच्या वर मुळशीचं धरण आहे. सेनापती बापटांनी 1921 मध्ये ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभारला, ते हे टाटांचं धरण. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होतं आणि मुंबईकडे जातं. एक लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की वाटेतली घट धरून चार हजार ज्यूलच्या आसपास वीज हाती येते. खेळताना लॅपटॉप 140 वॅट ओढत असेल, तर त्या हिशोबानं तो अर्ध्या मिनिटाला लिटरभर पाणी खातो, तासाला दोन हंड्यांहून कितीतरी जास्त. यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि तळहाताएवढ्या दोन पंख्यांनी ती खोलीत फेकायची असते.

ती फेकायची कुठे, हा पौडातला खरा प्रश्न. वैशाखात दुपारी पत्र्याखालची खोली चाळिशीला टेकते. खोली जितक्या अंशांनी तापली, चिपही साधारण तितक्याच अंशांनी वर सरकते. दिवाळीनंतर खळ्यांवर भाताची झोडणी सुरू झाली की तूस आणि पेंढ्याची भुकटी घरभर. पिरंगुटकडून येणाऱ्या गाड्यांची धूळ तर बारमाही. लॅपटॉप उघडून पाहिला की पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढला की मग त्याच्या आणि तांब्याच्या पंखड्यांच्या मधोमध नमद्यासारखा दाट, राखाडी थर सापडतो. तो चिमटीनं अख्खा सोलून निघतो. वरून फुंकर मारून तो कधीच जात नाही. म्हणून आधी बॅटरीची तार सोडवायची, मग पंखा उतरवायचा. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी आकडे कोरलेले असतात, ते उलट्या क्रमानं थोडे थोडे सैल करायचे आणि बसवताना आकड्यांप्रमाणे आवळायचे. एका बाजूनं आवळलं तर पेस्ट एकीकडे जाड राहते आणि चिपेचा एक कोपरा उगाच तापतो. मेमरीवरच्या मऊ पट्ट्या जेवढ्या जाडीच्या होत्या, तेवढ्याच जाडीच्या हव्यात. हे न करता दांडा सरकवणं म्हणजे पाट तुंबलेला असताना वरून पाणी वाढवणं.

2012 च्या जीफोर्स जीटीएक्स 680 पासून चिप स्वतःच आपला वेग ठरवू लागली. गार असली आणि वॅट शिल्लक असले की ती आपणहून चढते. तापू लागली की साधारण 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरते, आणि हे उतरणं कमाल मर्यादेच्या बरंच आधी सुरू होतं. जे काम पूर्वी हौशी माणूस करत होता, ते आता सिलिकॉनमध्येच बसवलंय. त्यामुळे जुनी विद्या उलटी झाली. आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज आणि गतीची वक्ररेषा उघडायची आणि तीच गती कमी व्होल्टवर मागायची. 0.95 ऐवजी 0.85 व्होल्टवर चिप टिकली, तर वर्गाच्या नियमानं तिची कामाची उष्णता सुमारे पाचव्या हिश्शानं घटते. वाचलेल्या वॅटांत ती लांबलचक खेळातही वरची गती धरून ठेवते. गती वाढवून पाच मिनिटं मिरवण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

मोठ्या यंत्रांची गत वेगळी नाही. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि 1991 मध्ये तिथून परम 8000 हा महासंगणक आला. 2019 मध्ये पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म बसला, तेव्हा चिपांवरून नळ्यांतून द्रव खेळवून तो थंड ठेवण्याची पद्धत निवडली गेली. तिथेही प्रश्न उष्णता वाहून नेण्याचाच होता.

पौडात लॅपटॉप जुळवताना दोन प्रोफाइलं ठेवावीत, एक उन्हाळ्याचं आणि एक थंडीचं. वक्ररेषा 15 मेगाहर्ट्झच्या टप्प्यानं चढवावी आणि प्रत्येक टप्प्याला एखादा जड खेळ अर्धा तास सलग चालवून पाहावा. पडद्यावर चित्रविचित्र ठिपके आले किंवा ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की दोन पायऱ्या मागे यायचं. ही परीक्षा लॅपटॉप चार्जरला लावून घ्यायची, कारण बॅटरीवर चिपेला पुरते वॅट मिळतच नाहीत. आणि उन्हाळ्याचं प्रोफाइल रात्री तपासायचं नाही. दुपारी दोनला, खिडक्या उघड्या आणि खोलीतला पंखा बंद ठेवून जे टिकेल, तेच जतन करायचं.