दर तीन आठवड्यांनी एक नोंद : विल्यम बँटिंग यांचा तक्ता

१/ ऑगस्ट १८६२, लंडन. पासष्टी गाठलेल्या एका गृहस्थांना वाकून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते जिना पाठमोरे उतरत. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. नाव विल्यम बँटिंग.

२/ बँटिंग घराण्याचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा. असईच्या लढाईमुळे महाराष्ट्राला परिचित असलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८५२ मधील त्याच्या भव्य अंत्ययात्रेची व्यवस्था याच पेढीकडे होती.

३/ बँटिंग यांनी प्रयत्नांत कसूर केली नव्हती. रोज सकाळी दोन तास होडी वल्हवली. त्याने अंगात बळ आले, पण भूकही वाढली आणि वजन चढले. तुर्की स्नाने झाली, औषधे झाली, अर्धपोटी राहणेही झाले. जोर ओसरला की वजन पुन्हा जागेवर.

४/ अखेर कमी ऐकू येते म्हणून ते कर्णरोगतज्ज्ञ विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे सतराव्या शतकातील हार्वे ते हे नव्हेत.) या हार्वेंनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. त्यांनी दोष कानाला न देता मेदाला दिला.

५/ उपाय साधा होता. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे यांना फाटा. जेवणे मात्र दिवसातून चार, ठरलेल्या वेळी आणि औंसांत मोजून : मांस किंवा मासे, भाज्या, थोडी फळे, बिनसाखरेचा चहा. वाइनही होती, आजचा डॉक्टर ती लिहून देणार नाही. उपाशी राहण्याची सक्ती मात्र कुठेच नव्हती.

६/ या कथेचा गाभा एका तक्त्यात आहे. साधारण दर तीन आठवड्यांनी वजनाची नोंद. बहुतेक वेळा घट २ किंवा ३ पौंडांची, क्वचित ४. ऑगस्ट १८६३ अखेर काटा १५६ वर आला. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो. आठवड्याला सरासरी अर्धा किलोसुद्धा नाही.

७/ होडी आणि उपास यांना रोज नवा निग्रह लागत असे. ठरलेल्या ताटाला तो लागत नव्हता, कारण ते ताट हाच दिनक्रम झाला होता. काट्यावरची नोंद चूक लहान असतानाच दाखवून देई.

८/ १८६३ मध्ये बँटिंग यांनी हा अनुभव पुस्तिकेच्या रूपाने स्वखर्चाने छापून फुकट वाटला. वैद्यकातले नसलेल्या माणसाने आहारावर लिहावे, हे अनेक डॉक्टरांना रुचले नाही आणि टीका झाली. वाचक मात्र वाढत गेले. इंग्रजीत त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

९/ १८७८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, बँटिंग निवर्तले. त्यांच्या आहारातील पदार्थांवर आजही वाद होतो, आणि तो व्हावाही. तक्त्यातली शिकवण मात्र त्या वादाबाहेरची आहे : शरीर वर्षानुवर्षांच्या सवयींनी घडते, ते बदलायलाही सवयच लागते, आणि तिला पुरेसा अवधी द्यावा लागतो.