तळटीप : ‘सेवा एनेबल केली’
म्हणजे ती लगेच सुरू झाली असे नव्हे. कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला भरते. तिथी पंचांगात आहे म्हणून आज घाटात गर्दी होत नाही, तसेच हे. लिनक्सवर सिस्टमडी (२०१०) असेल, तर ‘सिस्टमसीटीएल एनेबल’ ही आज्ञा ठरलेल्या फोल्डरात सेवेच्या फाइलीचा दुवा तेवढा ठेवते. तो कामी येतो पुढच्या बूटला. ‘डिसेबल’ने दुवा निघतो, पण दुसरी एखादी सेवा तिला तरीही उठवू शकते. पक्का बंदोबस्त ‘मास्क’चा : दुवा थेट ‘डेव्ह-नल’कडे, म्हणजे शून्यात. जुन्या ‘सिस्टम फाइव्ह’ पद्धतीत दुव्याच्या नावातले ‘एस’ वा ‘के’ आणि पुढचे दोन अंक चालू-बंदचा क्रम ठरवत. डोळ्यांना तीच सोपी. –संपा.