छोट्या मोटारीतील स्पार्क प्लग व पेट्रोलचा ऑक्टेन अंक : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास लिहिताना कारखाने, परवाने आणि परदेशी करार यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आढळते. मात्र मोटार प्रत्यक्ष चालविणाऱ्या सामान्य मध्यमवर्गीय मालकासमोर रोज उभ्या राहणाऱ्या दोन प्रश्नांकडे, म्हणजे गाडीत कोणते पेट्रोल भरावे व कोणता स्पार्क प्लग बसवावा याकडे, अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नांमागे शासकीय धोरण, तेलशुद्धीकरणाची क्षमता आणि कारागिराचे ज्ञान यांचा इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील छोट्या मोटारीच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) ऑक्टेन अंक व स्पार्क प्लगची उष्णता-श्रेणी या संकल्पनांची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) १९५४ नंतर महाराष्ट्रातील छोट्या मोटारीच्या संदर्भात या दोन बाबींत झालेले बदल अभ्यासणे.
३) हे बदल होत असताना निवडीचा अधिकार कोणाकडे राहिला, याचा शोध घेणे.

संकल्पनांची पार्श्वभूमी :
पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण दाबले जाते व ठिणगीने पेटविले जाते. दाब व उष्णता वाढल्यास मिश्रणाचा उरलेला भाग ठिणगीची ज्वाला पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. यालाच नॉकिंग म्हणतात. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिड्ग्ले यांनी शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास हा दोष कमी होतो, असे दाखविले. त्याच दशकात ग्रॅहॅम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० व हेप्टेनला शून्य मानून इंधन मोजण्याची पट्टी सुचविली. ऑक्टेन अंक हा इंधनाच्या शक्तीचा नव्हे, तर नॉकिंगला विरोध करण्याच्या क्षमतेचा निदर्शक आहे. म्हणूनच कमी दाबाच्या इंजिनात महाग, उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरून विशेष लाभ होत नाही.

स्पार्क प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावरील काजळी जळून जाते. परंतु ते ८५० अंशांच्या बरेच पुढे गेल्यास मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटण्याचा धोका असतो. उष्णता लवकर बाहेर टाकणारा तो ‘थंड’ प्लग व उष्णता धरून ठेवणारा तो ‘गरम’ प्लग. वेगाने व अधिक भाराने चालणाऱ्या गाडीस थंड, तर थांबत थांबत चालणाऱ्या गाडीस तुलनेने गरम प्लग योग्य ठरतो.

फियाट व पद्मिनीचा कालखंड :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच पुढील आवृत्ती १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. १९५४ व १९५५ मध्ये तुर्भे परिसरात अनुक्रमे स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या उदयास आल्या. म्हणजेच महाराष्ट्रातील छोटी मोटार आणि तिचे इंधन एकाच दशकात, एकाच शहराच्या परिसरात जन्मास आले.

पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन कमी दाबाचे होते, त्यामुळे ८३ ऑक्टेनचे साधे पेट्रोल तिला चालत असे. ९३ ऑक्टेनचे पेट्रोल उपलब्ध असले तरी ते महाग होते व सर्वत्र मिळत नसे. रॉकेलची भेसळ झाल्यास ऑक्टेन अंक घसरतो. अशा वेळी मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेत. ठोके थांबत, पण ताकद व मायलेज कमी होई. इंधन बदलता येत नसल्याने गाडीच इंधनाप्रमाणे जुळवून घ्यावी लागे.

स्पार्क प्लगबाबत मात्र निवडीला वाव होता. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग देशभर मिळू लागले. प्लग काढून त्याचा रंग पाहणे हे मिस्त्रीचे निदानशास्त्रच होते. तपकिरी टोक म्हणजे सर्व ठीक, काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा प्लग अति थंड, पांढरट भाजलेले टोक म्हणजे प्लग अति गरम. येथे एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. बॉश पद्धतीच्या जुन्या क्रमांकांत मोठा आकडा थंड प्लगचा असे, तर नव्या क्रमांकांत लहान आकडा थंड प्लगचा झाला. जपानी एन.जी.के. पद्धतीत मात्र मोठा आकडा थंड प्लगचाच राहिला. केवळ आकडा पाहून प्लग बदलणाऱ्याची फसगत होणे त्यामुळे स्वाभाविक होते.

शिसेमुक्त पेट्रोल व नंतरचे बदल :
डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने अधिक दाबाचे जपानी इंजिन सामान्य माणसापर्यंत पोहोचविले. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेमुक्त पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद स्वागतार्ह होता. प्लगवर शिशाचा थर बसणेही थांबले. तथापि जुन्या इंजिनांत शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे संरक्षण करीत असे. ते संरक्षण गेले. पुढे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ८८ व नंतर ९१ झाला. इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्याने टायमिंग जुळविण्याचे काम मिस्त्रीच्या हातातून निघून संवेदकाकडे गेले. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

इथेनॉल व दुर्गम तालुक्यातील मोटार :
जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण सर्वत्र आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक असल्याने या इंधनाचा अंक ९५ पर्यंत पोहोचला. पूर्वी महाग पंपावरच मिळणारा दर्जा आता साध्या पेट्रोलला प्राप्त झाला. परंतु इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील त्यासाठी घडविलेले नाहीत. जुन्या कमी दाबाच्या इंजिनाला वाढीव ऑक्टेनचा उपयोग होत नाही, तोटा मात्र सोसावा लागतो.

कोरपना तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक ठळक होतो. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांमुळे या भागात धूळ व अवजड वाहतूक आहे. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातील तापमान ४५ अंशांच्या वर जाते. इंजिनात जाणारी हवा जितकी उष्ण तितकी नॉकिंगची शक्यता अधिक; धुळीने एअर फिल्टर तुंबल्यास कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण दाट होऊन प्लग काळे पडतात. मुंबई-पुण्यात टाकून दिलेली जुनी छोटी मोटार अशा भागात अनेक वर्षे उपयोगात राहू शकते. शिक्षक, लहान व्यापारी वा शेतकरी यांच्यासाठी ती चैनीची वस्तू नसून रुग्णालय व बाजारपेठेशी जोडणारा दुवा आहे.

निष्कर्ष :
१) छोट्या मोटारीच्या इंधनाची निवड प्रत्यक्षात मालकाने कधीच केली नाही, ती शुद्धीकरण कारखाना व शासकीय धोरण यांनी केली.
२) स्पार्क प्लगची निवड हीच सामान्य माणसाच्या हातातील खरी निवड होती व ती मिस्त्रीच्या अनुभवजन्य ज्ञानावर आधारलेली होती.
३) शिसेमुक्ती व इथेनॉल या दोन्ही टप्प्यांवर जुन्या वाहनाचा प्रश्न दुय्यम ठरला.
४) इंधन धोरण ठरविताना जुन्या वाहनांसाठी सुट्या भागांची उपलब्धता व ग्रामीण मिस्त्रींचे प्रशिक्षण यांचा समावेश होणे आवश्यक आहे. अन्यथा प्रगतीची किंमत ती चुकविण्यास सर्वांत कमी समर्थ असलेल्यांनाच मोजावी लागेल.